जावेसाठी वकील

थोरलीने धाकटीच्या गळ्यातल्या झोळीची गाठ सोडली, आतला तिचा लुळा हात अलगद काढून आपल्या मांडीवर ठेवला, आणि झोळी झटकून पुन्हा नव्याने बांधायला घेतली. वकिलाच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. कुणाच्या पायाला प्लास्टर, कुणाच्या मानेला पट्टा, आणि सगळी या दोघींकडेच टक लावून बघत होती. थोरलीला त्याचं काही नव्हतं. गाठ मानेच्या हाडावर आली की धाकटीला टोचते, तेव्हा ती बाजूला घ्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"टोचतंय का आता?"

"नाही."

"टोचत असेल तर सांग बाई. हल्ली तू सगळ्यालाच नाही म्हणतेस."

धाकटी थोरलीच्या मांडीवरच्या त्या हाताकडे बघत होती. हात तिचाच होता. करंगळीजवळचा इस्त्रीचा जुना चटकाही तिचाच. पण मांडीची ऊब त्या हाताला लागत नव्हती, आणि थोरलीने तो उचलून झोळीत घातला तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी सामान आपल्या गळ्यात अडकवल्यासारखं तिला वाटलं. दोन महिने झाले होते. तरी रोज सकाळी उठताना ती त्याच हाताने पांघरूण बाजूला करायला जायची, पांघरूण जागचं हलायचं नाही, आणि रोज तिला नव्याने तेवढाच हादरा बसायचा.

या दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, आणि घरचं धुलाईचं दुकान. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं यायचं मळकं आणि जायचं पांढरंशुभ्र. भाऊ मागे यंत्रांशी झटायचे. इस्त्री, घड्या आणि माल पोचवणं हे जावांचं खातं. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी चार कोपरे धरायचे, ताणायचे, एकमेकींकडे चालत यायचं. गावभरच्या बातम्या त्या चालण्यातच सांगून व्हायच्या.

आणि मग तेलगिरणीजवळचा तो चौक. थोरली गाडी चालवत होती, धाकटी शेजारी होती, मागे छतापर्यंत गठ्ठे. डावीकडून आलेला ट्रक धाकटीच्या दारावर आदळला. थोरलीच्या कपाळाला एक टेंगूळ आलं. धाकटीच्या डाव्या खांद्यातल्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या. त्यात ती डावखुरी.

डॉक्टर म्हणाले होते, पायातली नस काढून खांद्यात जोडता येईल, बोटं हलतील, पकडही येईल. पण सहा महिन्यांच्या आत. नंतर जोडली तरी हात ती नस घेत नाही. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही खाली बघायला लागले. भरपाई मिळवायची, तीही लवकर, म्हणून वकील. सहातले दोन महिने दवाखान्यातच गेले होते.

धाकटीला त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच की शेवटचा गठ्ठा गाडीत ढकलला आणि दार ओढलं. त्यापुढे एकदम दवाखान्याचं छत. मधलं कुणीतरी कापून नेलं होतं. ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आत बोलावणं आलं. हा वकील बड्या जाहिरातींवाला. 'पडलात? धडकलात? आम्ही आहोत!' असं त्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली बसथांब्यांवर लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षातही तो तसाच हसत होता. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, हाताकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "उत्तम!"

धाकटीने दचकून वर बघितलं.

"म्हणजे केस उत्तम हो. डावखुऱ्या बाईचा डावा हात. न्यायाधीशांच्या काळजाला हात घालणारं आहे. आधी फोटो काढून घेऊ. ती झोळी काढा जरा. आणि चेहरा थोडा... रडल्यासारखा करता येईल?"

"ती रडत नाही," थोरली म्हणाली. "दोन महिने झाले, आम्हीही वाट बघतोय."

वकील हसला. दोघींची कागदपत्रं एकाच फायलीत लावू, दोघींना भरपाई मिळवून देऊ, पाच मिनिटांत सगळं ठरलंसुद्धा. तो पेन पुढे करत होता तेवढ्यात थोरलीने विचारलं,

"आणि आम्हा दोघींपैकीच कुणी चुकलं असेल तर?"

"छे हो! आमच्या अशिलाचं कधी चुकतच नसतं. चुकतो तो समोरचा."

थोरलीने पिशवी उचलली. "ऊठ गं."

दुसरा वकील थोरल्या भावाच्या ओळखीतला. भला माणूस. त्याने खुर्चीवरचे कागद स्वतः उचलून जागा करून दिली, पाणी विचारलं, डोळे भरून आले त्याचे. थोरलीने त्यालाही तोच प्रश्न केला. तो म्हणाला, "ते मागाहून बघू हो ताई, आधी दावा तर टाकू." यावरही थोरली उठली. धाकटी बसूनच राहिली. शेवटी थोरलीने तिला काखेत हात घालून उठवलं.

"ताई, हा काय वाईट होता?" बाहेर रस्त्यावर आल्यावर धाकटीने विचारलं. "तुम्हाला नेमका कसा वकील हवाय तरी?"

"चादर घेतो ना आपण, तसा. उजेडात धरून बघायचा."

"आणि उजेडात काय दिसायला हवं?"

थोरली बसचा नंबर बघण्यात गुंतली. बस लांब होती, नंबर काही दिसण्यासारखा नव्हता. धाकटीच्या मनात आलं, दिवस चाललेत, आणि या बाईला नखरे सुचतायत. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. दोन महिने हीच बाई तिची वेणी घालत होती, हीच तिला आंघोळ घालत होती, आणि दवाखान्यात पहिले नऊ दिवस हिने बाकड्यावर काढले होते, तेही वळत नाही अशा मानेने.

तिसऱ्या वकिलाचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. जिना असा उभा की धाकटीला प्रत्येक पायरीवर थांबून तोल सावरावा लागला. वर साठीची एक किडकिडीत बाई पेन्सिलीला टोक काढत बसली होती. तिने टोक पुरं काढलं, पातं मिटलं, आणि मग वर बघितलं.

"हाताला हात लावू का?" तिने धाकटीला विचारलं. आजवर डॉक्टर सोडले तर असं कुणी विचारलं नव्हतं.

"हे कळतं?" तिने मनगटावर बोट टेकवलं.

"नाही."

"हे?"

"नाही."

"किती महिने उरलेत?"

"चार," थोरली म्हणाली. आणि लगेच, "आम्हा दोघींपैकीच कुणी चुकलं असेल तर?"

वकीलबाईने आळीपाळीने दोघींकडे बघितलं. "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"मग दोघींचं वकीलपत्र मला घेता येणार नाही. एकीचं घेईन. आणि वेळ आली तर दुसरीच्या विरुद्ध उभी राहीन. कुणाचं घेऊ, ते तुम्ही ठरवा. आणि जिचं घेणार नाही, तिने आत्ताच बाहेर जायचं."

"हिचं," थोरली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर धाकटीला जे दिसलं ते चक्क समाधान होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा गठ्ठा बांधून झाला की ती अशीच दिसायची.

"ताई! अहो, काय बोलताय? मी तुमच्या विरुद्ध कशाला..."

"हीच ती. पटली मला." थोरलीने पिशवीतली फाईल काढून टेबलावर ठेवली. दोन महिने ही फाईल तिने कुणाच्या हातात दिली नव्हती. 'तुला एका हाताने कागद उलटता येतात का गं,' म्हणून धाकटीलाही नाही. "सगळं यात आहे. पोलिसांचंही. मी बाहेर बाकावर बसते. सही नीट कर, घाई नाही." आणि दार ओढून घेऊन ती गेलीसुद्धा.

वकीलबाईने कोऱ्या कागदावर दोन रेघा एकमेकींवरून काढल्या. झाला चौक.

"रोजचाच रस्ता?"

"रोजचाच."

"तुमच्या जावेची मान मघाशी वळत नव्हती. माझ्याकडे बघताना त्या सगळ्या अंगाने वळल्या."

"इस्त्री करून करून झालंय ते. पाच वर्षं झाली. उजवीकडे वळते, डावीकडे नाही."

"मग डावीकडचं कोण बघायचं?"

"मी." धाकटीला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "चौक आला की ताई थांबतात आणि विचारतात, 'काय गं?' मी डावीकडे बघून सांगते, 'घे.' मग त्या घेतात. एरवी मी त्यांना अहोजाहो करते, पण तेवढं 'घे' मात्र 'घे'च. 'घ्या' म्हणेपर्यंत पुढची गाडी यायची." आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं आणि तिला ओशाळल्यासारखं झालं.

वकीलबाई हसली नाही. तिने फाईल उघडली, पोलिसांचा कागद शोधला, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही वाचलाय हा?"

"नाही."

"तुमच्या जावेचा जबाब. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचा. तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हता. ऐका. 'माझी मान डावीकडे वळत नाही. चौकात मी नेहमी जावेला विचारते. त्या दिवशी मी घाईत होते. मी तिला विचारलं नाही. ती काही बोलण्याच्या आतच मी गाडी पुढे काढली. तिचा यात काहीही दोष नाही.'"

खाली दुकानात कुणीतरी चष्म्याच्या काचेवर यंत्र चालवत होतं. तो आवाज धाकटीला फार लांबून ऐकू येत होता.

"हा जबाब आहे तोवर तुमची बाजू भक्कम आहे," वकीलबाई सांगत होती. "चालवणारीने चूक कबूल केलेली. तुम्ही नुसत्या बसलेल्या. तुमच्याच गाडीच्या विमा कंपनीला भांडायला जागाच नाही. तीन महिन्यांत तडजोड होईल, हाताचं काम वेळेत होईल."

"आणि ताईंचं?"

"त्यांच्यावर खटला उभा राहील. लायसन्स जाईलच. मान वळत नसताना गाडी चालवली, शिवाय न बघता, न विचारता काढली. तुरुंगही होऊ शकतो. त्यांना ते माहीत असावं असं मला दिसतंय." तिने पेन्सिल उचलली. "आता मला एक सांगा. त्यांनी न विचारता गाडी काढली, असं आधी कधी झालं होतं?"

धाकटी आठवायला लागली.

दोन वर्षांपूर्वी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कारण फालतू, कुठल्याशा हॉटेलचे टॉवेल कुणी मोजायचे याचं. दोन दिवस अबोला. गाडीत शेजारी शेजारी बसून दोघी समोर बघत होत्या. चौक आला. थोरली म्हणाली, "काय गं?" धाकटी गप्प. डावीकडचा रस्ता ओसाड पडला होता, चिटपाखरू नव्हतं, आणि थोरली गाडी थांबवून बसली. मागे भोंगे सुरू झाले. कुणीतरी खिडकीशी येऊन शिव्या घालून गेलं. थोरली ढिम्म. शेवटी धाकटीलाच हसू फुटलं आणि ती ओरडली, "घे बाई, घे एकदाची!" भांडण तिथेच मिटलं. ही बाई दुकानाच्या मागच्या बंद आवारात, जिथे मांजरसुद्धा फिरकत नाही, तिथेही विचारल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

न विचारता काढली? ताईंनी?

धाकटीला चौक आठवत नव्हता, ट्रक आठवत नव्हता. आठवायची गरजही नव्हती. ताई थांबल्या असणार. ताईंनी विचारलं असणार. आणि गाडी पुढे गेली, याचा अर्थ तिने 'घे' म्हटलं होतं. न बघता म्हटलं होतं. स्वतःच्या तोंडाने तिने तो ट्रक स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि ताईंच्याही.

"पाणी देऊ का तुम्हाला?"

"समजा," धाकटी म्हणाली, "समजा त्यांनी विचारलं असतं, आणि मी न बघताच घे म्हणाले असते, तर?"

वकीलबाईने पेन्सिल खाली ठेवली. "तर निम्मा दोष तुमच्या माथी मारायला ते विमावाले टपलेलेच असतील. वर्ष, दोन वर्षं भांडतील. चार महिन्यांत काही होणार नाही. पण तुम्हाला तर काही आठवत नाही ना?"

"नाही."

"मग मला 'समजा' नको. सही इथे."

"एक मिनिट," म्हणून धाकटी उठली.

थोरली बाकावर ताठ बसली होती, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन. दार वाजल्यावर ती नेहमीसारखी सगळ्या अंगाने वळली.

"झाली सही?"

"ताई, मला आठवलं."

खोटं होतं ते. पण थोरलीचा चेहरा झर्रकन उतरला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कसं आठवेल? डॉक्टर तर म्हणाले होते, ते परत यायचं नाही म्हणून!"

झालं. निदान 'काय आठवलं' तरी विचारायचं होतं ताईंनी.

थोरलीलाही ते कळलं. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"तू चादर धरली होतीस मांडीवर," ती हळूच म्हणाली. "त्या नव्या हॉटेलची. सिगारेटने भोक पाडलेलं. 'बघा ना ताई, यातून माझं बोट जातंय,' म्हणालीस. मी विचारलं, काय गं. तू भोकातून बोट काढून दाखवत होतीस. घे, म्हणालीस."

"वर न बघता."

"मी तरी कुठे वर बघत होते? मीही त्या भोकाकडेच बघून हसत होते. पाच वर्षं तुझ्या मानेवर माझी मान चालवली गं. गाडी माझ्या हातात होती. घरात कुणाला खरं सांगितलं नाही मी, दोन महिने जीव नुसता टांगणीला लागलाय. त्या दोघा वकिलांनी कुणाचीच चूक काढली नसती आणि वर्षानुवर्षं घोळ घातला असता. ही काढेल. माझी काढेल. तू आत जा आणि सही कर."

"आणि तुम्ही तुरुंगात गेलात तर?"

"तिथेही चादरी असतीलच की धुवायला," थोरली म्हणाली, आणि स्वतःच्याच विनोदावर तिला हसता येईना. "जा गं. चार महिने उरलेत. माझ्या मानेसाठी तू हात घालवू नकोस."

धाकटीला रडू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, तेही असं की आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला असेल. थोरलीने तिला जवळ घेतलं नाही, नुसता तिच्या झोळीचा पदर सारखा केला. धाकटी चुकून डाव्या हाताने नाक पुसायला गेली, मग तिने ते उजव्याने पुसलं. आणि दार ढकलून आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

"बाई," ती उभ्यानेच म्हणाली, "कोर्टात तुम्हाला कुणाची धास्ती वाटते?"

"म्हणजे?"

"समोर उभा राहिला की वाटतं, आता काही खरं नाही. असा कुणी वकील."

वकीलबाईने डोळे बारीक केले. "आहे एक. महाखडूस माणूस. त्याच्यापुढे मी दोनदा हरलेय. का?"

"त्याचं नाव-पत्ता लिहून द्या. माझ्या जावेसाठी हवाय."

"अहो, तुम्ही माझ्या अशील. तो त्यांच्या बाजूने उभा राहिला तर तुमच्याच दाव्याचं वाटोळं करेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. लिहा."

बाहेरून थोरलीचा आवाज आला. "अगं, वेड लागलंय का तुला? वकीलबाई, तिचं ऐकू नका! आजारी आहे ती!"

वकीलबाईने चौक काढलेल्या कागदाचा एक कोपरा फाडला, त्यावर नाव-पत्ता लिहिला आणि टेबलावरून पुढे सरकवला. धाकटीने तो उजव्या हाताने उचलला, झोळीत सरकवला, आणि खुर्ची ओढून बसली.

"आता माझा जबाब घ्या. ताईंनी विचारलं होतं. मी न बघता घे म्हणाले."

"हे लिहिलं की पुसता येणार नाही. हाताचं काय होईल, ते मी सांगितलंय तुम्हाला." वकीलबाईचा आवाज खाली आला होता. "आणि मघाशीच तुम्ही म्हणालात, काही आठवत नाही म्हणून."

"नाहीच आठवत," धाकटी म्हणाली. "पण लिहा."